जुन्या घरातील नाली, मोरी आणि संडासाची टाकी : पावसाळ्याआधी काय पाहावे?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावात माझ्या सासरचे जुने घर आहे. हातभराहून रुंद मातीच्या भिंती, सागवानी खांब, अर्ध्या भागावर अजून कवेलू आणि उरलेल्या भागावर पत्रे, असे त्याचे रूप आहे. गेल्या वर्षी जुलैत सलग दोन दिवस पाऊस झाला, तेव्हा रात्री न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटे वर आले, मधल्या खोलीत पसरले आणि तिथे रचलेली गव्हाची चार पोती खालून भिजली. गहू वाळवून बराचसा वाचवता आला. मात्र त्या पाण्याने मधल्या भिंतीचा पाया आठ दिवस ओला राहिला आणि भिंतीला तिरपी भेग गेली. मातीच्या घरात नाली तुंबली की पहिला धोका भिंतीला असतो, हे मला त्या आठवड्यात कळले.

दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लंबरने एकच प्रश्न विचारला : न्हाणीचे पाणी घरातून कोणत्या बाजूने बाहेर जाते? आम्ही घरात सहा माणसे होतो आणि एकालाही उत्तर देता आले नाही. माझ्या सासूबाईंना, म्हणजे मामीजींना, ते ठाऊक होते. रोहिणी नक्षत्र लागले की त्या गड्याला हाताशी घेऊन बोळातील ठरावीक फरशी सब्बलीने उचलवीत, खालचा गाळ घमेल्यात काढवीत आणि फरशी पुन्हा बसवून तिच्या कडांना चुना भरून घेत. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. त्यापूर्वीच घरातील एका लग्नाच्या वेळी बोळात चकचकीत टाइल्स बसवल्या गेल्या आणि ती फरशी टाइल्सखाली गेली. प्लंबरने तीन ठिकाणी फोडल्यावर ती सापडली. तिच्याखालचे चेंबर वीतभर जागा सोडून पूर्ण गाळाने भरलेले होते.

म्हणून यंदा मी सर्वांत आधी घराच्या सांडपाण्याचा नकाशा करायला घेतला. ज्यांचे घर तीन-चार पिढ्यांचे आहे, त्यांनी दुसरे काही केले नाही तरी हे एवढे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या घरात मूळची दगडी उघडी नाली होती, पुढे परसात संडास आणि त्याची टाकी आली, नंतर भाजलेल्या मातीचे पाईप आले, आणि अलीकडे स्वयंपाकघरातील सिंक व कपडे धुण्याचे यंत्र ज्याला जसे सुचले तसे कुठल्या तरी पाईपला जोडले गेले. प्रत्येक पिढीने आपापली भर घातली आणि कागदावर कोणी काहीच ठेवले नाही.

मी केले ते असे. धुळवडीचा उरलेला रंग एका बादलीत कालवला आणि एका वेळी एकाच मोरीत ओतला. घरातील मुले बाहेरच्या नालीपाशी, परसात आणि टाकीपाशी उभी केली आणि रंग कुठे व किती वेळाने दिसतो ते लिहून घेतले. दोन मोऱ्यांच्या मधे नळ बराच वेळ सोडून आधीचा रंग पूर्ण वाहून जाऊ द्यावा, नाहीतर घोटाळा होतो. पाईप कुठून गेला आहे ते कळेना तिथे सब्बलीच्या बोथट टोकाने जमिनीवर हलके ठोकत गेले. चेंबरवर आवाज पोकळ येतो. मग प्रत्येक जागेचे अंतर दोन पक्क्या भिंतींपासून टेपने मोजून वहीच्या पानावर उतरवले आणि ते पान स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

या खटाटोपात दोन गोष्टी उघड झाल्या, ज्यांची मला कल्पनाही नव्हती. एक म्हणजे पत्र्यावरचे पावसाचे पाणी ज्या पन्हाळीतून उतरते, तिचा पाईप कोणीतरी न्हाणीच्याच पाईपला जोडलेला आहे. दुसरी म्हणजे सिंकचा रंग कुठेच बाहेर आला नाही. तो भिंतीलगत जमिनीत मुरतो आहे आणि तिथेच घुशीचे बीळ आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक मोरीत १५ लिटरची बादली एकदम ओतायची आणि पाणी उतरायला किती सेकंद लागतात ते त्याच पानावर लिहायचे, असेही मी ठरवले आहे. आकडा वाढू लागला की पाणी तुंबण्याच्या आधीच समजेल, अशी माझी अपेक्षा आहे. आपल्या भागातील जुन्या घरांत राहणाऱ्यांनी आपापले अनुभव आणि माझ्या चुकाही सांगाव्यात.

---

कवेलू

ताई, फार उपयोगी धागा काढलात. आमच्या घरीही हेच आहे. फरशीच्या जागी वडिलांनी दिवाण ठेवला आहे, एवढाच फरक.

---

जुना ओव्हरसिअर

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो असून चौतीस वर्षे याच कामात होतो. ताईंनी नकाशापासून सुरुवात केली, हे अगदी योग्य झाले. त्यात फक्त उताराची भर घालावी.

आमच्या काळी एक सोपा नियम शिकवीत असत आणि तो घरगुती कामाला आजही चालतो. पाईप जितक्या इंचांचा, त्याच्या दहापट लांबीत एक भाग उतार. म्हणजे चार इंची पाईपला ४० फुटांत एक फूट आणि सहा इंचीला ६० फुटांत एक फूट. दहा मीटर लांबीच्या चार इंची पाईपला २५ सेंटीमीटर उतार हवा. उतार याहून फार कमी असेल तर पाणी हळू जाते आणि गाळ मागे ठेवत जाते. तो पाईप कितीही वेळा साफ केला तरी पुन्हा भरेल, त्यात साफ करणाऱ्याचा दोष नसतो. उतार मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, तिच्या दोन टोकांतील पाणी नेहमी एका पातळीला राहते. त्या पातळीपासून प्रत्येक चेंबरच्या तळापर्यंतची खोली मोजावी आणि नकाशावर लिहून ठेवावी.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. मे महिन्यात वावरात पडलेल्या भेगांत हात जातो, हे आपण सारे पाहतो. घराखालीही तीच माती आहे. भाजलेल्या मातीचे जुने पाईप दोन-दोन फुटांचे असून त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले असतात. माती आकसली की ते सांधे उघडतात, आणि मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात वरची माती त्या फटींतून पाईपात वाहून येते. त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्याआधीची एक सफाई पुरत नाही. रोहिणीत एकदा साफ करावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-सहा दिवसांनी चेंबर पुन्हा उघडून पाहावे. त्या वेळी चेंबरमध्ये ताजी काळी माती दिसली तर वरच्या अंगाला सांधा उघडला आहे, असे खुशाल समजावे.

असा सांधा उघडलेला पाईप बदलताना त्याच्या खाली आणि भोवती काळी माती परत भरू नये. वीतभर मुरूम किंवा रेती घालावी आणि रबरी रिंगचे सांधे असलेला पाईप घ्यावा, म्हणजे जमीन थोडी हलली तरी सांधा तुटत नाही.

आणि पन्हाळीचा पाईप आजच्या आज न्हाणीपासून वेगळा करा. हिशेब पाहा : १०० चौरस मीटर छपरावर ४० मिलिमीटर पाऊस पडला तर ४,००० लिटर पाणी उतरते. हजार लिटरच्या चार टाक्या तासा-दोन तासांत तुमच्या न्हाणीच्या पाईपात रिकाम्या केल्यासारखे ते आहे. तुमचा गहू बहुधा याच पाण्याने भिजला.

---

पूर्णाकाठ

मी दर्यापूरकडचा आहे. आमचा सारा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारट व जड असते, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडांना पांढरा थर बसतो. हाच थर पाईपातही बसतो. त्याशिवाय जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, तो तेलकट खरकट्यात मिसळला की मेणासारखा घट्ट होतो आणि त्यावर केस व धागे अडकत जातात. आमच्या न्हाणीचा तीन इंची पाईप काढला तेव्हा आत अंगठ्याएवढी वाट उरली होती.

मी केलेली चूक मुद्दाम सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणी ती करू नये. थर विरघळावा म्हणून मी दोन वर्षे दर महिन्याला बाजारातील अ‍ॅसिड ओतत होतो. थर थोडा विरघळत असे हे खरे. परंतु आमचा पुढचा पाईप सिमेंटचा होता आणि अ‍ॅसिडने त्याचा तळच खाऊन टाकला. पाणी जमिनीत जाऊ लागले, ओट्याखालची माती खचली आणि ओटा एका बाजूने बसला.

---

नवे घर

सर्वांना नमस्कार. मी नोकरीसाठी पुण्याला असते, आईवडील गावी जुन्या घरात असतात. त्यांच्यासाठी विचारते. मोबाइलवर सगळीकडे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतायला सांगतात. त्याने काही होते का? आणि दुकानात जी पांढरी पूड मिळते ती वापरावी का?

---

विज्ञान शिक्षक

ताई, सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फेस येतो, म्हणून काहीतरी घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडिअम अ‍ॅसिटेटचे खारट पाणी उरते. चरबी त्यात विरघळत नाही. मोरीच्या तोंडाशी असलेला हलका थर फेसाने सुटत असेल, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये.

पांढरी पूड म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा. तो तेलातुपाचे साबणात रूपांतर करतो, त्यामुळे उपयोग होतो. मात्र पाण्यात पडताच तो एकदम तापतो, हातावर किंवा डोळ्यात उडाला तर गंभीर इजा होते, आणि पाईप पूर्ण बंद असेल तर तो एका जागी साचून राहतो. पुढे ज्या माणसाला तो पाईप उघडायचा असतो त्याच्या अंगावर ते पाणी येते. वृद्ध आईवडिलांच्या घरी ही पूड ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत महत्त्वाचे : ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकामागून एक ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जीवावर बेतू शकतो.

त्यांना एवढेच सांगा की, कढई आणि तुपाची भांडी धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावीत. आपल्याकडे थंडीत पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा वनस्पती तूप आणि साजूक तूप पाईपात गोठते. दिवाळीनंतर सिंक हळू वाहू लागण्याचे हे एक मोठे कारण आहे. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, हाताला सोसेल इतके गरम पाणी बादलीभर सोडावे. उकळते नको, कारण ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडू लागते आणि सांध्यांवर ताण येतो.

---

ओसरी

शिक्षक महोदय, तुमच्या उत्तरावरून एक आठवले. मामीजी भांडी राखेने घासत आणि सारे पाणी उघड्या नालीत जाई. रोज सकाळी खराट्याने नाली झाडली जात असल्याने राख तिथे कधी साचली नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी आजही चुलीची राखच वापरतात, पण आता ते पाणी सिंकमधून बंद पाईपात जाते. भिंतीलगत जो सिंकचा पाईप फुटलेला सापडला, त्यात राख आणि तूप मिळून दगडासारखा गोळा झाला होता. उघड्या नालीच्या काळातील सवय बंद पाईपाला लागू पडत नाही, हे आम्हा कोणाच्या लक्षात आले नाही. मावशींना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आता राखेने घासायची भांडी परसातील दगडावर घासतो आणि ते पाणी केळीच्या आळ्यात जाते.

---

घरमालक

एवढा त्रास करण्यापेक्षा सगळे फोडून एकदाच नवी पीव्हीसी लाइन टाकून घ्यावी. आम्ही तेच केले. उघडी नाली म्हणजे डास आणि वास.

---

जुना ओव्हरसिअर

पैसे असतील तर नवी लाइन जरूर टाकावी, पण उघडी दगडी नाली बुजवण्याआधी दोनदा विचार करावा, असे मी म्हणेन. उघड्या नालीत कुठे अडले ते डोळ्यांना दिसते आणि घरातील कोणीही ते खराट्याने काढू शकते. तिचा दोष उघडेपणात नसून तळाचे दगड हलल्यामुळे पाणी डबक्यासारखे साचते, यात आहे. तळ नीट उतारात बसवून सिमेंटने अर्धगोल करून घेतला आणि वर उचलता येतील अशा फरश्या ठेवल्या, तर अंघोळीच्या व धुण्याच्या पाण्याला याहून चांगली सोय नाही. संडासाचे पाणी मात्र उघड्या नालीत कधीही सोडू नये.

बंद लाइन टाकायचीच असेल तर प्रत्येक वळणावर आणि जिथे दुसरा पाईप येऊन मिळतो तिथे चेंबर ठेवा, आणि चेंबरवर टाइल बसवू नका. घर शोभिवंत दिसावे म्हणून झाकणे लपवण्याचा आग्रह घरोघरी होतो. त्याची किंमत दहा वर्षांनी द्यावी लागते आणि ती बहुधा त्या वेळी घरात असणाऱ्या सुनेला द्यावी लागते.

---

झाडीपट्टी

मी भंडारा जिल्ह्यातील आहे आणि आरोग्य खात्यात काम केले आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली डासांची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, हे आता सर्वांना माहीत आहे. पण हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, म्हणजे तुंबलेली नाली आणि संडासाची टाकी ही त्याची आवडती जागा. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना आहे आणि सुजलेले पाय घेऊन आयुष्य काढणारी माणसे मी गावोगावी पाहिली आहेत. टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड किंवा बारीक जाळी तारेने घट्ट बांधावी. याला काही रुपयांचा खर्च येतो आणि पाच मिनिटे लागतात. ऊन-पावसाने जाळी विरते, म्हणून दर वर्षी बदलावी. टाकीच्या झाकणाच्या फटीही चुना किंवा सिमेंटने बुजवाव्यात. नालीत गाडीचे जळके तेल ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती सोडावी. ते तेल शेवटी कोणाच्या तरी विहिरीत किंवा वावरातच जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टाकी भरली की कोणाला तरी आत उतरवून साफ करून घेण्याचा प्रकार अजून थांबलेला नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचलेले असतात, प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे समजणारा माणूस उतरताच बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी कोणालाही लावण्यास बंदी आहे आणि ती बंदी घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. पैशाची गोष्ट बाजूला ठेवली तरी, आपल्या घरातील घाण काढताना कोणाचा मुलगा जावा हे कोणत्याही घराला शोभत नाही. गाडगेबाबांचा जन्म ज्या विदर्भात झाला, तिथे तरी हे घडू नये.

टाकीचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी गाडीच्या पंपाने काढून घ्यावा. भरून वाहू लागेपर्यंत थांबले की घट्ट गाळ पुढे शोषखड्ड्यात जातो आणि शोषखड्डा कायमचा बंद पडतो.

---

पूर्णाकाठ

शोषखड्ड्याबद्दल थोडे. आमच्याकडे चार फूट खोल खणून, विटांचे तुकडे भरून केलेला शोषखड्डा पहिल्याच पावसाळ्यात भरला, कारण चारही बाजूंना काळी मातीच होती आणि ओली काळी माती पाणी शोषत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली गेलो तेव्हा तो चालू झाला. पिण्याच्या विहिरीपासून तो किती दूर असावा?

---

जुना ओव्हरसिअर

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर. गावठाणातील जुन्या घरांच्या परसात एवढी जागा क्वचित असते. तिथे विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरू नये, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

याच ओघात, नळाचा पाईप कुठे नालीतून किंवा चेंबरमधून गेला आहे का, तेही नकाशावर पाहा. आपल्या गावांत नळाला एक-दोन दिवसांआड पाणी येते. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होतो आणि बारीक छिद्र असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिले दोन-तीन तांबे पाणी गढूळ किंवा वासाचे येत असेल तर तो पाईप त्याच दिवशी नालीबाहेर काढावा.

---

नवे घर

आईवडील उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे येतात. परत गेल्यावर घरात भयंकर वास आणि झुरळे असतात. नाली तर साफ असते. असे का?

---

विज्ञान शिक्षक

मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात साधारण दोन इंच पाणी कायम उभे असते आणि तेच वासाला अडवते. आपल्या मे महिन्यातील उन्हाळ्यात, बंद घरात, ते तीन-चार आठवड्यांत उडून जाते. निघताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन-तीन चमचे खाण्याचे तेल घालावे, म्हणजे वाफ कमी होते. वर जड ताटली किंवा ओल्या मातीचा गोळा ठेवावा. शेजारी कोणी किल्ली ठेवत असेल तर मधे एकदा पाणी घालायला सांगावे.

---

कवेलू

आमची अडचण वेगळी आहे. घरातील सारे नीट आहे, पण समोरचा सिमेंट रस्ता गेल्या पंधरा वर्षांत तीनदा झाला आणि प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा थर टाकला गेला. पूर्वी रस्त्यावरून ओट्यावर यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत, आता एकच उरली आहे. बाहेरची नालीही वर उचलली गेली आणि आमच्या पाईपचे तोंड तिच्या तळाच्या खाली गेले. आता नाली भरली की तिचेच पाणी घरात येते. अर्ज केले, उत्तर मिळाले नाही.

---

जुना ओव्हरसिअर

कवेलूभाऊ, जुन्या वस्तीतील निम्म्या तक्रारींचे मूळ हेच आहे, आणि मी स्वतः त्या खात्यात होतो म्हणून अधिक वाईट वाटते. जुना थर खरवडून नवा टाकणे शक्य असते. खर्च आणि घाई या कारणांनी ते टाळले जाते.

काम झाल्यावर केलेल्या अर्जाचा उपयोग कमी होतो. अंदाजपत्रक होण्याआधी, गल्लीतील सर्व घरांनी मिळून, प्रत्येक घराच्या उंबरठ्याची आणि पाईपच्या तोंडाची पातळी नळीने मोजून तक्ता जोडलेला अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कोरड्या तक्रारीपेक्षा मोजमापे असलेला कागद नजरेआड करणे अधिकाऱ्याला कठीण जाते. गाव ग्रामपंचायतीचे असेल तर हा विषय ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखून, ठेवला होता, आणि त्यातील निम्मा स्वच्छतेसाठी व निम्मा पाण्यासाठी होता. आपल्या गावात तो कुठे खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे.

तोपर्यंत घरापुरता उपाय म्हणजे पाईपच्या तोंडाशी चेंबर बांधून त्यात एकेरी झडप बसवणे. पाणी बाहेर जाताना ती उघडते आणि उलटे येऊ लागले की मिटते. पण झडपेत चिंधी किंवा प्लास्टिक अडकले की ती अर्धवट उघडी राहते, म्हणून पावसाळ्यात दर आठ दिवसांनी हात घालून पाहावी लागेल. शिवाय झडप मिटलेली असताना घरातील पाणीही बाहेर जाणार नाही, तेव्हा जोराचा पाऊस चालू असताना धुणे काढू नये. पाणी नेहमीच उलटत असेल तर न्हाणीचा तळ उचलून घेण्याला पर्याय नाही.

---

झाडीपट्टी

परसात उंबर, पिंपळ किंवा वड असेल तर त्याचाही विचार करावा. आमच्या मातीच्या पाईपात उंबराच्या मुळ्या सांध्यातून शिरल्या आणि आत केसांच्या जटेसारखा गुंता झाला. मोरचूद ओतावा असे एकाने सुचवले होते. मी तो ओतला नाही, कारण ते विष टाकीतील जिवाणूंना मारते आणि विहिरीपर्यंत जाऊ शकते. तेवढे दोन पाईप बदलून रबरी रिंगचे बसवले, झाडही राहिले.

---

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंत काय झाले ते सांगते. पन्हाळीचा पाईप न्हाणीपासून तोडून सरळ बाहेरच्या नालीत सोडला. सिंकची लाइन नवी टाकली, भिंतीपासून तीन फूट दूर नेली आणि खाली मुरूम भरला. घुशीचे बीळ विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बंद केले. बोळातील टाइल्स कापून फरशी पुन्हा उघडी केली आणि तिला दोन लोखंडी कड्या बसवल्या. मुलगा नाराज होता, पण काकांचे सुनेबद्दलचे वाक्य मी त्याला वाचून दाखवल्यावर त्यानेच त्या कड्यांना रंग दिला. वायुनळीला जाळी बांधली. टाकीची गाडी पुढच्या आठवड्यात येणार आहे आणि कोणीही आत उतरणार नाही, हे मी चालकाला फोनवरच सांगून ठेवले आहे.

पातळी मोजताना असे दिसले की न्हाणीपासून बोळातील चेंबरपर्यंतच्या सहा मीटरमध्ये उतार फक्त पाच सेंटीमीटर आहे. काकांच्या हिशेबाने तो पंधरा हवा. हा भाग मधल्या भिंतीखालून जातो आणि भिंतीला आधीच भेग असल्याने तिथे खणायची मला भीती वाटते. काही मार्ग आहे का?

---

जुना ओव्हरसिअर

ताई, त्या भिंतीखाली पावसाळ्याच्या तोंडावर मुळीच खणू नका. दिवाळीनंतर, माती कोरडी झाल्यावर, न्हाणीचा पाईप परसाच्या बाजूने फिरवून नेता येतो का ते पाहू. लांबी वाढली तरी चालेल, उतार मिळाला पाहिजे. न्हाणीच्या आणि परसातील नालीच्या तळाची पातळी मोजून इथे लिहा. यंदाच्या पावसाळ्यापुरते त्या सहा मीटरमध्ये दर पंधरा दिवसांनी बांबूची कामटी घालून गाळ हलवा आणि लगेच दोन बादल्या पाणी एकदम ओता. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी आडवी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजा, त्या खोलीत कोणी झोपू नका आणि मला कळवा.

---

ओसरी

मृगाचा पहिला मोठा पाऊस परवा झाला. काचेची पट्टी शाबूत आहे. न्हाणीत बादली ओतली तेव्हा पाणी उतरायला ४१ सेकंद लागले, मे महिन्यात ३४ लागले होते. फरशी उचलून पाहिली तर चेंबरमध्ये दीड घमेले ताजी काळी माती होती, म्हणजे काका म्हणाले तसा सांधा उघडला आहे. ती काढून कामटी घातली आणि पाणी सोडले, तेव्हा आकडा ३३ वर आला. परसातील नालीचा तळ न्हाणीच्या तळापेक्षा २८ सेंटीमीटर खाली भरला आणि फिरून जाणारे अंतर साडेदहा मीटर आहे.

---

जुना ओव्हरसिअर

साडेदहा मीटरला चार इंची पाईपसाठी सव्वासव्वीस सेंटीमीटर लागतात. तुमच्याकडे २८ आहेत. वळणे दोनच ठेवा आणि दोन्हींवर चेंबर घ्या. दिवाळीनंतर काम करता येईल.